गिधाडांविषयींचे राष्ट्राराष्ट्रांतील करार आणि शेतकऱ्याचा गोठा

आमच्या मासिकांत बियाणें, खतें, जनावरांचे रोग आणि बाजारभाव यांविषयींचे लेख येतात. परराष्ट्रांशीं होणाऱ्या करारमदारांची चर्चा सहसा येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. करार राजधान्यांत होतात, शेतकऱ्याचें काम बांधावर असतें, आणि दोहोंची गांठ क्वचितच पडते. परंतु गेलीं वीस वर्षें भारत सरकार आपल्या शेजारी राष्ट्रांशीं एका विषयावर असा विचारविनिमय करीत आलें आहे कीं, त्याचें खरें यशापयश दिल्लींत वा काठमांडूंत ठरत नसून आमच्या वाचकांच्या गोठ्यांत, आजारी बैलास टोचल्या जाणाऱ्या सुईवर ठरतें. हा विषय म्हणजे गिधाडांचें संरक्षण. ओंगळ मानलेल्या ह्या पक्ष्यासाठीं चार राष्ट्रांनीं एकत्र बसावें आणि त्यांच्या ठरावाची अंमलबजावणी शेवटीं शेतकऱ्याकडे यावी, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. म्हणून ती आरंभापासून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वींची स्थिति

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पन्नाशी ओलांडली आहे, त्यांस गांवाबाहेरचा ढोरांचा माळ आठवत असेल. बैल मेला म्हणजे त्याचें मढें तेथें ओढून नेत, कातडें काढून घेत, आणि माणसें माघारीं फिरून शिवेपर्यंत येतात न येतात तोंच माथ्यावर घिरट्या सुरू होत. एक गिधाड उतरलें कीं दुसरें, दुसऱ्यामागून दहावें, आणि पाहतां पाहतां पन्नासांवर पक्षी जमत. थोड्याच वेळांत हाडांखेरीज कांहीं उरत नसे. दुर्गंधि नाहीं, माशांचे थवे नाहींत, पावसाळ्यांत सडकें मांस ओढ्यांत वाहून जाण्याची भीति नाहीं. मागाहून हाडें गोळा करणारा येई आणि तीं खताच्या कारखान्याकडे जात. मांस नाहींसें करण्याच्या ह्या कामीं गांवास एक पैहि खर्च येत नसे.

सन २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें भारतांत १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि सुमारें ११ कोटि म्हशी आहेत. ज्या देशांत एवढें पशुधन आहे व त्यांतील पुष्कळसें म्हातारें होऊन अथवा रोगानें मरतें, त्या देशांत गिधाडांस अन्नाची वाण कधींच नव्हती. १९८० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत सुमारें चार कोटि गिधाडें असावींत असा जाणत्यांचा अंदाज आहे. जी वस्तु इतकी विपुल असते, तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. गिधाडांचें तसेंच झालें. तीं होतीं तोंवर कोणीं मोजलीं नाहींत, आणि मोजावयास निघाले तेव्हां तीं फारशीं उरलीं नव्हतीं.

ऱ्हास आणि त्याचें कारण

सन १९९० नंतर कांहीं वर्षांनीं राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांस गिधाडें मरून पडलेलीं आढळूं लागलीं. जीं जिवंत होतीं तींहि माना खालीं टाकून झाडांवर बसून राहत. पुढें देशभर मोजणी झाली तेव्हां जी हकीकत बाहेर आली ती विश्वास बसूं नये अशी होती. सन १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांस एक एवढींच राहिलीं. लांब चोचीचीं आणि बारीक चोचीचीं हीं दोन जातींचीं गिधाडें शेंकडा ९७ च्या जवळपास नाहींशीं झालीं.

कारण सांपडेना. कोणी म्हणे साथीचा रोग आहे, कोणी कीटकनाशकांस दोष देई. उलगडा अखेर शेजारच्या पाकिस्तानांत झाला. तेथील पंजाब प्रांतांत डॉ. लिंडसे ओक्स ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मेलेलीं गिधाडें चिरून पाहिलीं. पुष्कळांच्या काळजावर व यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसला होता. मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे युरिक आम्ल रक्तांत सांचतें आणि तें असें अंतर्भागावर जमतें. मूत्रपिंडें निकामी करणारा पदार्थ शोधतां शोधतां ते गुरांस टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनाक ह्या वेदनाशामक औषधापर्यंत पोंचले. हा शोध जानेवारी २००४ मध्यें ‘नेचर’ ह्या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

डायक्लोफेनाक हें मूळ माणसांच्या सांधेदुखीवरचें औषध. १९९० नंतरच्या दशकांत तें गुरांकरितां स्वस्तांत मिळूं लागलें. बैल लंगडला, गाईची कास सुजली, विण्यानंतर ताप आला कीं ही सुई टोचावी आणि जनावरानें उठून वैरण खावी, असा त्याचा लौकिक झाला. जनावरास त्यापासून अपाय नाहीं; कुत्र्यास वा कावळ्यास बाधल्याचें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. मात्र सुई दिल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आंत तें जनावर मेलें आणि त्याचें मांस गिधाडानें खाल्लें, तर तें गिधाड थोड्याच दिवसांत मरतें.

येथें वाचक विचारतील कीं, मरणाऱ्या सर्वच जनावरांस कांहीं ही सुई दिलेली नसते. मग सगळीं गिधाडें कशीं मेलीं? याचें गणित शास्त्रज्ञांनीं केलें आहे. दर ७६० मढ्यांत एक, फार तर दर १३० मढ्यांत एक मढें विषारी असलें तरी एवढा ऱ्हास होण्यास तें पुरेसें आहे. कारण एका मढ्यावर पन्नास पक्षी बसतात आणि एका पंगतींत सर्वच मरतात. शिवाय गिधाडाची जोडी वर्षास एकच अंडें घालते, आणि पिल्लास वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. कोंबडीसारखी झपाट्यानें वाढणारी ही जात नव्हे. मरण शेंकड्यांनीं आणि जन्म एकेक, असा हा व्यवहार झाला.

आमच्याच घरची एक गोष्ट येथें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. सन १९९९ च्या सुमारास आमच्या जोडीपैकीं उजवीकडचा बैल खांद्याच्या दुखण्यानें बसला. आम्हीं गांवांत येणाऱ्या एका माणसाकडून त्यास लागोपाठ दोन दिवस तीच सुई देवविली. तिसऱ्या दिवशीं बैल गेला व तो माळावर नेऊन टाकला. त्या वेळीं उतरलेल्या गिधाडांकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. पुढच्या एकदोन वर्षांत मात्र माळ ओस पडला, आणि कारण आम्हांस पुष्कळ वर्षांनीं वाचावयास मिळालें. तेव्हां कोणास दोष देण्यापूर्वीं आम्ही आपलें नांव त्या यादींत घालतों.

एका राष्ट्राच्या कायद्यानें कां भागत नाहीं

गिधाड उंच आकाशांत तरंगत एका दिवसांत शेंकडों मैल रान धुंडाळूं शकतें. नेपाळच्या तराईंत घरटें करणारा पक्षी चाऱ्याच्या शोधांत उत्तर प्रदेशांत उतरतो, आणि पाकिस्तान व भारत यांच्यामधील तारेचें कुंपण त्यास दिसतहि नाहीं. अशा स्थितींत भारतानें डायक्लोफेनाक बंद केलें आणि नेपाळनें चालू ठेवलें, तर भारतांत वांचविलेला पक्षी नेपाळांत मरावयाचा. ऊंस एकानें लावावा आणि शेजाऱ्यानें आपल्या बांधाचें दार उघडें टाकावें, तसा हा प्रकार होईल. म्हणून गिधाडांचा प्रश्न प्रथमपासूनच परराष्ट्रकारणाचा प्रश्न झाला.

समाधानाची गोष्ट ही कीं, ह्या बाबतींत शेजाऱ्यांनीं समजूतदारपणा दाखविला. मार्च २००५ मध्यें आपल्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळानें गुरांकरितां डायक्लोफेनाक बंद करण्याची शिफारस केली, आणि मे २००६ मध्यें औषधनियंत्रकांनीं त्याच्या उत्पादनाचे परवाने काढून घेण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीं नेपाळ आणि पाकिस्तान यांनींहि तें बंद केलें. बांगलादेशानें २०१० मध्यें तीच वाट धरली. सन २०११ मध्यें ‘सेव्ह’ ह्या नांवानें निरनिराळ्या देशांतील संस्थांचा एक संघ स्थापन झाला. आणि मे २०१२ मध्यें दिल्लीस भारत, पाकिस्तान, नेपाळ व बांगलादेश ह्या चारहि सरकारांचे प्रतिनिधि जमून त्यांनीं एक जाहीरनामा काढला. गिधाडांस घातक अशीं औषधें रोखणें, सीमेच्या दोन्ही अंगांस सुरक्षित प्रदेश राखणें, आणि एकमेकांची माहिती एकमेकांस देणें हा त्याचा आशय होता.

ज्या दोन राष्ट्रांचे संबंध एरवीं कधीं फार काळ सुरळीत राहिले नाहींत, त्यांपैकीं एकाच्या भूमीवर लागलेला शोध दुसऱ्याच्या कायद्यास कारण झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तंट्याचे विषय पुष्कळ असतात. पण शेजाऱ्याच्या विहिरीस विष लागलें असतां आपलीहि विहीर धोक्यांत येते, एवढें ज्यास कळतें तो तंटा बाजूस ठेवून बोलावयास जातो.

ह्याहून मोठें असें एक वर्तुळ आहे. देशोदेशीं भ्रमण करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या रक्षणाकरितां सन १९७९ मध्यें जर्मनींतील बॉन येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८३ पासून त्यांत सामील आहे. ह्या करारांतील राष्ट्रांनीं २०१७ मध्यें मनिला येथें आफ्रिका, युरोप आणि आशिया ह्या खंडांतील पंधरा जातींच्या गिधाडांकरितां एक संयुक्त योजना मंजूर केली. आणि फेब्रुवारी २०२० मध्यें ह्याच करारांतील राष्ट्रांची परिषद आपल्या गांधीनगरास भरली होती. उलटपक्षीं, सुधारलेल्या म्हणविणाऱ्या युरोपांतहि सारेंच शहाणपण नांदतें असें नाहीं. दक्षिण आशियांत एवढा अनर्थ होऊन गेल्यावर २०१३ मध्यें स्पेन देशानें गुरांकरितां डायक्लोफेनाकास परवाना दिला. आपल्या देशानें जें फार मोठें मोल देऊन शिकलें तें इतरांस सांगण्याचा अधिकार आपणांस आहे, आणि परराष्ट्रकारणांत तो वापरला पाहिजे.

कायद्याच्या पळवाटा

कायदा झाला म्हणजे काम झालें, असें मानणाऱ्यांची ह्या प्रकरणांत निराशा झाली. गुरांचें डायक्लोफेनाक दुकानांतून गेलें, पण माणसांचें राहिलें. आणि तें तीस मिलीलिटरच्या मोठ्या बाटल्यांतून विकलें जाऊं लागलें. एवढी मोठी बाटली माणसाच्या टोचणीस लागत नाहीं, ती गोठ्यांतच रिकामी होते, हें उघड होतें. सन २००८ मध्यें नियम अधिक कडक झाले; तरी ही चोरवाट बुजली नाहीं. अखेर जुलै २०१५ मध्यें सरकारनें माणसांच्या टोचणीची कुपी तीन मिलीलिटरच्या एकाच मात्रेची असावी असा निर्बंध घातला. मोठ्या बैलास लागणारी मात्रा पाहतां अशा दहाबारा कुप्या फोडाव्या लागतील, आणि तो खटाटोप कोणी करणार नाहीं, असा त्यांतील हेतु. कांहीं औषध-उत्पादक ह्या निर्बंधाविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयांत गेले. पण २०१७ मध्यें न्यायालयानें निर्बंध कायम ठेवला.

दुसरी पळवाट अधिक फसवी होती. डायक्लोफेनाक गेलें तेव्हां त्याच्याच भावकींतील औषधें पुढें आलीं. त्यांपैकीं ॲसिक्लोफेनाक तर गुराच्या शरीरांत शिरतांच डायक्लोफेनाकच होतें. म्हणजे नांव बदलून तेंच विष परत आलें. कीटोप्रोफेन गिधाडांस मारक असल्याचें प्रयोगांनीं सिद्ध झालें. बांगलादेशानें कीटोप्रोफेन फेब्रुवारी २०२१ मध्यें बंद केलें. भारतानें कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनाक हीं दोन्ही ३१ जुलै २०२३ रोजीं गुरांकरितां बंद केलीं, आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर निमेसुलाइडहि बंद केलें. ह्या तारखा पाहिल्या म्हणजे एक गोष्ट मनांत येते. जें औषध गिधाडांस मारतें तें आधीं परवाना मिळवून बाजारांत येतें, पक्षी मरतात, शास्त्रज्ञ सिद्ध करतात, आणि पंधरा-वीस वर्षांनीं तें बंद होतें. ही पद्धति उलट करावयास पाहिजे. गुरांचें नवें वेदनाशामक औषध बाजारांत येण्यापूर्वींच गिधाडांवरील त्याचा परिणाम तपासला जावा. तपासणीचा खर्च औषध विकणाऱ्यानें सोसावा, शेतकऱ्याच्या माळानें नव्हे.

शेतकऱ्याची हानि

गिधाडें गेल्यानें शेतकऱ्याचें काय गेलें, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक गांवच्या वेशींत भुंकत आहे. मढीं पडतच राहिलीं. तीं खाण्यास कुत्रीं आलीं आणि वाढलीं. सन २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें १९९२ ते २००३ ह्या काळांत देशांतील भटकीं कुत्रीं सुमारें ५५ लाखांनीं वाढलीं, आणि त्यांच्या दंशामुळें १९९२ ते २००६ पर्यंत पिसाळ रोगानें सुमारें ४८ हजार माणसें अधिक मेलीं. सन २०२४ मध्यें ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकांत फ्रँक व सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं ह्याहूनहि गंभीर निष्कर्ष मांडला. ज्या जिल्ह्यांत पूर्वीं गिधाडें विपुल असत, तेथें तीं गेल्यावर मृत्यूंचें प्रमाण शेंकडा चारांहून अधिक वाढलें. आणि २००० ते २००५ ह्या अवघ्या कांहीं वर्षांत सुमारें पांच लाख मृत्यु अधिक झाले. कुत्र्यांचे दंश, सडक्या मढ्यांनीं नासलेलें पाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हीं त्याचीं कारणें सांगितलीं आहेत.

मेंढ्या-वासरांवर पडणारीं कुत्र्यांचीं टोळकीं, पिसाळलेलें कुत्रें चावून दगावलेली दुभती म्हैस, मढें पुरण्यासाठीं खड्डा खणण्याचा खर्च, ही सगळी वजाबाकी शेतकऱ्याच्या हिशेबांत पडते. फक्त ती गिधाडांच्या नांवें लिहिलेली नसते. मुंबईंतील पारशी समाजाची अडचण तर सर्वांस ठाऊक आहे. मलबार टेकडीवरील दोख्म्यांत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकांची चाल पक्ष्यांच्या अभावीं खंडित झाली, आणि सूर्यकिरण एकवटणारीं आरसेयंत्रें बसवावीं लागलीं.

वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचें नांव काढलें कीं आमचे पुष्कळ वाचक कपाळास आंठी घालतात, हें आम्ही जाणतों. रानडुकरांनीं भुईमूग उकरलेला आणि रोह्यांनीं हरभरा फस्त केलेला ज्यानें पाहिला आहे, त्याचा राग खोटा नाहीं; त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे हें आमचें मत आम्ही सोडलेलें नाहीं. पण गिधाडाचा खटला वेगळा आहे. हा वन्य प्राणी शेतकऱ्याच्या शेतांतून एक दाणाहि नेत नाहीं. जें शेतकऱ्यास नको असतें तेंच तो खातो.

नेपाळचें उदाहरण आणि महाराष्ट्रांतील स्थिति

नेपाळांत नवलपरासी भागांतील पिठौली ह्या गांवीं २००६ मध्यें ग्रामस्थांनीं एक साधा उपक्रम सुरू केला. म्हातारीं, निरुपयोगी गुरें ते शेतकऱ्यांकडून घेतात, मरेपर्यंत चारापाणी करतात, घातक औषध देत नाहींत, आणि जनावर आपल्या मरणानें मेलें कीं त्याचें निर्धोक मांस गिधाडांसाठीं उघड्यावर ठेवतात. तो पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांकडून गांवास चार पैसेहि मिळतात. ह्या ठिकाणास त्यांनीं ‘जटायु उपाहारगृह’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. अशा केंद्रांभोंवतीं सुमारें शंभर किलोमीटरच्या टापूंत एकहि घातक औषध विकलें जाऊं नये, अशी ‘सुरक्षित प्रदेशा’ची कल्पना आतां भारतांतहि स्वीकारली गेली आहे. गरीब म्हणून ज्याची गणना होते त्या शेजाऱ्यापासून घेण्यासारखा हा धडा आहे.

आपल्याकडे हरियाणांतील पिंजोर येथें २००१ मध्यें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनखातें यांनीं केंद्र काढलें. तेथें गिधाडांची पैदास होते. सन २०१५ च्या मोजणीवरून साऱ्या देशांत पांढऱ्या पाठीचीं सुमारें सहा हजार, लांब चोचीचीं बारा हजार आणि बारीक चोचीचीं अवघीं एक हजार गिधाडें असावींत असा अंदाज निघाला. महाराष्ट्रांत रायगड जिल्ह्यांतील म्हसळा व फणसाडचें रान, नाशिकजवळील अंजनेरीचे कडे, आणि गडचिरोलीचा मुलूख ह्या ठिकाणीं त्यांचा थोडाबहुत वंश टिकून राहिला. जानेवारी २०२४ मध्यें पिंजोरहून प्रत्येकीं दहा गिधाडें ताडोबा आणि पेंच येथील रानांत आणण्यांत आलीं. परंतु पिंजऱ्यांत वाढविलेला पक्षी मोकळा सोडल्यावर कोणत्या गांवच्या मढ्यावर बसेल हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. ज्या मुलखांतील गोठे निर्धोक नाहींत, त्या मुलखांत पक्षी सोडणें म्हणजे रोप लावून बांध फोडून ठेवणें होय.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा कीं, हें सर्व ओझें शेतकऱ्याच्याच डोक्यावर कां? औषध त्यानें तयार केलें नाहीं, त्यास परवाना त्यानें दिला नाहीं. दुकानदारानें दिलें तें त्यानें घेतलें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. सरकारनें दुकानांची तपासणी नेटानें केली पाहिजे. गुरांच्या दवाखान्यांत निर्धोक औषध बारा महिने ठेवलें पाहिजे. आणि पशुवैद्यांच्या रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत. जेथें पशुवैद्य येत नाहीं तेथें पिशवी घेऊन फिरणारा माणूस येतो, आणि त्याच्या पिशवींत काय आहे हें कोणी पाहत नाहीं.

दुसरा आक्षेप जनावराच्या कळवळ्याचा आहे. पाखरासाठीं आमच्या बैलानें वेदना सोसाव्या काय? मुळींच नाहीं. मेलॉक्सिकॅम हें वेदनाशामक गिधाडांस निर्धोक असल्याचें २००६ मध्येंच प्रयोगांनीं दाखविलें आहे. टॉल्फेनॅमिक ॲसिड हें दुसरें औषधहि पुढील प्रयोगांत निर्धोक ठरलें. सूज, ताप, लंगडणें यांवर हीं औषधें चालतात. प्रारंभीं मेलॉक्सिकॅम महाग पडे, ही तक्रार खरी होती. पुढें अनेक उत्पादक तें काढूं लागल्यावर ती अडचण कमी झाली. बैल आणि गिधाड यांपैकीं एकाचीच निवड करावी लागावी असा हा प्रसंग नाहीं.

आमच्या वाचकांस सूचना

१. गुरास सुई टोचण्यापूर्वीं औषधाचें नांव विचारावें व कुपीवरचें बारीक अक्षर स्वतः वाचावें. व्यापारी नांव कांहींहि असो, खालीं मूळ औषधाचें नांव छापलेलें असतें. डायक्लोफेनाक, ॲसिक्लोफेनाक, कीटोप्रोफेन अथवा निमेसुलाइड असें आढळल्यास घेऊं नये. मेलॉक्सिकॅम अथवा टॉल्फेनॅमिक ॲसिड मागावें.

२. माणसांकरितां असलेली कुपी गुरास टोचूं देऊं नये, मग टोचणारा कितीहि ओळखीचा असो.

३. कोणतें वेदनाशामक दिलें होतें हें निश्चित ठाऊक नसलेलें जनावर आठवड्याच्या आंत मेल्यास तें माळावर न टाकतां खोल पुरावें.

४. जनावर एकाएकीं मेलें आणि त्याच्या नाकातोंडांतून काळें रक्त आलें, तर काळपुळीचा संशय धरावा. तें मुळींच फाडूं नये, कातडें काढूं नये. पशुवैद्यास कळवून चुना घालून खोल पुरावें.

५. बिबट्यास वा कुत्र्यांस मारण्यासाठीं मढ्यावर विष घालण्याची चाल कोठें कोठें आहे. तो गुन्हा आहे, आणि एका मढ्यावर गिधाडांचा सबंध थवा त्यानें मरतो.

६. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें उंच जुन्या झाडांवर घरटीं करतात. बांधावर असें घरटें असलेलें झाड तोडूं नये, व वनखात्यास कळवावें.

७. ग्रामसभेंत ठराव करून गांवांतील व बाजारगांवांतील औषधाच्या दुकानदारांस घातक औषधांची यादी लेखी द्यावी. एका शेतकऱ्यानें नाकारलेली कुपी दुसऱ्यास विकली जाते. साऱ्या गांवानें नाकारलेली कुपी दुकानदार मागवीतच नाहीं.

नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी तालुक्यांतील टाकेद येथें जखमी जटायु पडला, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे, आणि दरसाल तेथें यात्रा भरते. ज्या समाजानें एका गिधाडाचें तीर्थ केलें, त्या समाजास त्याचा वंश जड होऊं नये.

चार सरकारांनीं दिल्लीस जाहीरनामा काढला त्यास एक तप होऊन गेलें. कायदे झाले, त्यांच्या पळवाटा एकामागून एक बुजत आल्या. तरी त्या कागदावर एक सही अद्याप राहिली आहे, आणि ती कोणत्याहि मंत्र्यास करतां येत नाहीं. रात्रीं कंदील घेऊन गोठ्यांत उभा असलेला शेतकरी जेव्हां कुपी उजेडापुढें धरून तिच्यावरचें नांव वाचतो, आणि नको तें औषध परत पिशवींत टाकावयास लावतो, तेव्हां ती सही होते. आमच्या सभासदांनीं ती ह्याच हंगामापासून करावी, एवढी आमची विनंति आहे.